सहा माइक, दोन ऑक्स: एका छोट्या गटाने मिक्सर कसा निवडला

पार्श्वभूमी

चार जणांचा गट. दोन गायक, त्यांतला एक पिकअप (तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बसवलेली अकूस्टिक गिटारही वाजवतो. एक कीबोर्डवादक, एक काहोनवादक (काहोन म्हणजे हाताने वाजवायचे लाकडी खोके). काही कार्यक्रमांना बासरीवादक येतो, तो पाचवा. श्रोते ४० ते ६०, जागा म्हणजे मोठी खोली किंवा लहान सभागृह. समोर स्टँडवर दोन पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेले) स्पीकर, आणि गायकांच्या पायाशी तिरका ठेवलेला तिसरा स्पीकर मॉनिटर म्हणून, म्हणजे गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकू यावा यासाठी. ध्वनी सांभाळायला वेगळा माणूस नाही. मिक्सर कीबोर्डच्या उजव्या हाताला असतो आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळात कीबोर्डवादकच त्याला हात लावतो.

घरी तोच मिक्सर लॅपटॉपला जोडला जातो. तिथे कामे दोन: सरावाचे रेकॉर्डिंग, आणि एकेक थर चढवत गाणे तयार करणे, म्हणजे आधी गिटार, मग ती हेडफोनमध्ये ऐकत त्यावर आवाज.

जुन्या मिक्सरच्या खोक्यावर ‘८ चॅनेल’ असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात माइकची इनपुट दोन, इफेक्टसाठी (रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, वगैरे) एक सेंड, म्हणजे सिग्नलचा फाटा बाहेर देणारी वाट (हिलाच ऑक्स म्हणतात), आणि लॅपटॉपसाठी स्टिरिओ यूएसबी. गटाचे म्हणणे असे की मिक्सर जुना झाला, आता ‘१२ चॅनेल’वाला घेऊन टाकू. पैसे बेताचेच होते, त्यामुळे एकदा घेतलेला मिक्सर काही वर्षे बदलता येणार नव्हता.

अडचण

तक्रारी चार होत्या, आणि त्यांतली एकही मिक्सर जुना झाल्यामुळे नव्हती.

पहिली तक्रार तिसऱ्या माइकची. माइकची दोन इनपुट भरली की तिसरा माइक एक्सएलआर-टू-जॅक (माइकच्या तीन पिनी प्लगचा साधा जॅक करणाऱ्या) केबलने लाइन इनपुटला, म्हणजे कीबोर्डसारख्या जोरदार सिग्नलसाठीच्या इनपुटला, लावला जायचा. आवाज लांबून आल्यासारखा, आणि गेन (सिग्नल वाढवणारा नॉब) शेवटपर्यंत फिरवला की मागे सतत हिस, म्हणजे सळसळ. शूअर एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक ९४ डेसिबल आवाजाला १.८५ मिलिव्होल्ट देतो. लाइनची व्यावसायिक पातळी १.२३ व्होल्ट. दोन्हींत सुमारे ५६ डेसिबलचे अंतर आहे. ओठ माइकला टेकवून जोरात गाणाऱ्याला ४० डेसिबल गेन पुरतो, पण लहान मिक्सरचे स्टिरिओ लाइन इनपुट त्याच्या निम्म्यापर्यंतही क्वचित पोचते. बाकीची तूट फेडर (चॅनेलचा आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी), मास्टर (एकूण आवाजाचा फेडर) आणि स्पीकरच्या नॉबने भरून काढायची म्हटले की वाटेतला सगळा हिसही तेवढाच मोठा होतो.

दुसरी तक्रार मॉनिटरची. एकुलता एक सेंड मॉनिटर स्पीकरला जोडलेला होता. गायिकेचा आवाज श्रोत्यांना कमी जातो म्हणून फेडर वर केला की मॉनिटर शिट्टी मारायचा. हा सेंड पोस्ट-फेडर होता, म्हणजे सिग्नल फेडरच्या पुढे गेल्यावर तो घेतला जात होता. त्यामुळे सभागृहाचा आवाज वाढवला की मॉनिटरचाही आपोआप वाढे. इफेक्टसाठी पोस्ट-फेडरच हवा, कारण फेडर खाली घेतला की रिव्हर्बही खाली यायला हवा. मॉनिटरला मात्र प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधी घेतलेला, लागतो.

तिसरी तक्रार घरची. गिटार आधी रेकॉर्ड करून तिच्यावर गायले, की आवाजाच्या ट्रॅकमध्ये गिटारही पुन्हा उतरायची. मग मिक्स करताना गिटार कमी करावी तरी ती आवाजाच्या ट्रॅकमधून ऐकू येतच राही.

चौथी तक्रार लॅपटॉप जोडल्यावर स्पीकरमधून येणारी घरघर आणि तिच्यावर बारीक किरकिर.

खरेदीकडे वळण्याआधी गटाने चौथ्या तक्रारीची तपासणी केली, आणि हे फार बरे झाले. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला: घरघर थांबली. चार्जर परत लावला, स्पीकर बंद केले आणि मिक्सरवरच्या हेडफोनमध्ये ऐकले: स्वच्छ. रेकॉर्ड झालेली फाइलही स्वच्छ. म्हणजे घोळ मिक्सरपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेत होता. तिथे दोन तारांची अनबॅलन्स्ड जॅक केबल होती, आणि लॅपटॉपच्या चार्जरचा व स्पीकरचा अर्थ (म्हणजे अर्थिंगची जोडणी) त्या केबलच्या जाळीतून एकमेकांना मिळत होता. तीन संपर्कांची बॅलन्स्ड केबल लावली आणि सगळ्या गोष्टी एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्या. घरघर गेली. अशा वेळी प्लगची अर्थ पिन मोडण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. तो ऐकू नये: माइक हातात धरणाऱ्याला विजेपासून वाचवणारी तार तीच आहे.

ही तक्रार यादीतून खोडली गेली. नवा मिक्सर आणला असता तरी ती त्याच्यामागे आलीच असती.

पहिला निर्णय: आकडा नेमका कशाचा?

‘१२ चॅनेल’ हा आकडा गटाने माइकचा धरला होता. बहुतेक लहान मिक्सरांत तसे नसते. स्टिरिओ लाइनची प्रत्येक जोडी दोन म्हणून मोजली जाते. यामाहाच्या एमजी१०एक्सयूमध्ये १० इनपुट आहेत, त्यांत माइक प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे भाग) ४. एमजी१२एक्सयूमध्ये १२ इनपुट, माइक ६. यात फसवणूक काही नाही, मोजण्याची रीतच तशी आहे. पण खोक्यावरचा आकडा पाहून घेणारा माणूस घरी येऊन माइकची भोके मोजतो आणि मग कपाळाला हात लावतो.

म्हणून कागदावर इनपुटची यादी केली, सर्वांत गर्दीच्या कार्यक्रमाची:

- गायिका: माइक
- गायक: माइक
- बासरी: माइक
- काहोन: माइक, मागच्या छिद्राजवळ
- गिटार: पिकअपमधून जॅक
- कीबोर्ड: लाइन
- फोन: तयार ट्रॅक आणि मध्यंतरातले संगीत

माइक ४, अधिक गिटार. आता ४ माइकचा मिक्सर पुरेल की नाही, हा प्रश्न गिटारवर येऊन ठेपला. ४ माइकच्या मिक्सरमध्ये मोनो चॅनेलही चारच, आणि ते चारही माइकनी भरलेले. गिटार मग स्टिरिओ चॅनेलच्या डाव्या जॅकमध्ये जाणार. गिटारमध्ये ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप असेल तर चालते. साध्या पायझो (स्फटिकावरच्या दाबाने चालणाऱ्या) पिकअपला मात्र साधारण १ मेगोह्म रोधाचे इनपुट लागते. लाइन इनपुट १० किलोह्मच्या आसपास असते, आणि तिथे पायझो लावला की खालचे सूर गळून गिटार पत्र्यासारखी वाजते. या गटाच्या गिटारमध्ये प्रीअँप होता. तरी स्टिरिओ चॅनेलवर बहुधा हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) नसतो आणि इक्वलायझरही (खालचे, मधले, वरचे सूर कमीजास्त करणारा भाग) कधी दोनच बँडचा असतो. सभागृहात गिटारला या दोन्हींची गरज सर्वांत जास्त.

शिवाय एकही माइक शिल्लक राहत नव्हता. कार्यक्रमात एखादे इनपुट खरखरायला लागले तर काय? गटाने ठरवले: मोजलेल्या माइकपेक्षा निदान एक जास्त हवा. म्हणजे ५ किंवा ६.

पर्याय

सगळ्यांत स्वस्त पर्याय जुना मिक्सर ठेवून बाहेरून दोन चॅनेलचा माइक प्रीअँप जोडण्याचा होता. पहिली तक्रार मिटली असती. दुसरी आणि तिसरी तशीच राहिली असती, त्यामुळे यावर फार वेळ गेला नाही.

दुसरा पर्याय अंगच्या इफेक्टसह ४ माइकचा ॲनालॉग मिक्सर. आकार पाठीवरच्या पिशवीत मावेल इतका, वजन किरकोळ. गटाने असा एक मिक्सर एका सरावापुरता भाड्याने आणला. आवाज उत्तम. पण त्याला ऑक्स एकच, आणि तोच आतल्या इफेक्टला जाणारा. मॉनिटरला सिग्नल हवा तर रिव्हर्ब सोडा, रिव्हर्ब हवा तर मॉनिटर सोडा. कॅटलॉगमध्ये ‘१ ऑक्स, इफेक्टसह’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ सरावात लगेच कळला.

तिसरा पर्याय ६ माइक, २ ऑक्स, इफेक्ट आणि स्टिरिओ यूएसबी असलेल्या ॲनालॉग मिक्सरचा. आकाराने मोठा, चारेक किलोचा.

चौथा, प्रत्येक चॅनेल वेगळा रेकॉर्ड करणारा. ॲलन अँड हीथच्या झेडईडीआय-१० सारख्या ॲनालॉग मिक्सरमध्ये यूएसबीवर ४ चॅनेल जातात आणि ४ येतात. झूमच्या लाइव्हट्रॅक एल-८ सारखा डिजिटल मिक्सर वेगवेगळे ट्रॅक थेट मेमरी कार्डवर उतरवतो. घरच्या कामासाठी हा पर्याय सरळ सरस होता. सराव रेकॉर्ड केल्यावर काहोन जास्त झाला तर तेवढाच कमी करता येतो, स्टिरिओ फाइलमध्ये ते जमत नाही.

पाचवा पर्याय टॅबलेटवरून चालणारा डिजिटल मिक्सर, ज्याच्या पेटीवर नॉब जवळजवळ नसतातच. ऑक्स भरपूर, प्रत्येक चॅनेलला बारकाईने लावता येणारा इक्वलायझर, मांडणी जतन करून पुढच्या वेळी तशीच उघडण्याची सोय. गटाने तो दोन कारणांनी नाकारला. चालू गाण्यात शिट्टी आली तर कीबोर्डवादकाला एका बोटाने, न बघता, तोच फेडर खाली घ्यायचा असतो. काचेवर हे होत नाही. दुसरे, भरलेल्या सभागृहात २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर इतके फोन असतात की पेटीतल्या छोट्या अँटेनावर भरवसा ठेवता येत नाही. वेगळा राउटर लावून हे सुटते, पण मग सामानात आणखी एक वस्तू वाढते.

सहावा: स्टेजसाठी साधा मिक्सर आणि घरासाठी वेगळा दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी). विचार चांगला होता. पण दोन वस्तूंचा खर्च एका वस्तूच्या अंदाजात बसवायचा तर दोन्ही हलक्या घ्याव्या लागल्या असत्या.

दुसरा निर्णय: ब्लॉक डायग्राम

शेवटी लढत तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायात राहिली. इथे गटाने एक काम नेटके केले. उमेदवार मिक्सरांची माहितीपुस्तके उतरवून घेतली आणि शेवटच्या पानांवरचा ब्लॉक डायग्राम, म्हणजे सिग्नलच्या वाटेची आकृती, समोर ठेवला. जाहिरातीत ‘ऑक्स’ आणि ‘यूएसबी’ हे शब्द सगळेच लिहितात. हे सिग्नल आत नेमके कुठून काढले आहेत आणि कुठे सोडले आहेत, ते फक्त या आकृतीत कळते.

आकृतीत माइकपासून निघणारी रेघ बोटाने धरून पुढे जायचे: गेन, हाय-पास, इक्वलायझर, फेडर, पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे वळवणारा नॉब), मग मास्टर. वाटेत तीन गोष्टी पाहायच्या. ऑक्सचा फाटा फेडरच्या खुणेच्या आधी फुटतो की नंतर, आणि तिथे प्री-पोस्टचे बटण आहे का? यूएसबीकडे जाणारा फाटा मास्टर फेडरच्या आधी आहे की नंतर? नंतर असेल तर कार्यक्रम रेकॉर्ड करताना सभागृहासाठी मास्टर खालीवर केला की रेकॉर्डिंगही खालीवर होणार. आणि लॅपटॉपकडून परत येणारा यूएसबीचा सिग्नल कुठे मिळतो?

शेवटचा प्रश्न तिसऱ्या तक्रारीचे मूळ होते. जुन्या मिक्सरमध्ये लॅपटॉपचा आवाज थेट मेन बसमध्ये (सगळे चॅनेल एकत्र येतात त्या मुख्य वाटेत) येत होता, आणि यूएसबीने लॅपटॉपला जात होती तीच मेन बस. म्हणजे ऐकण्यासाठी वाजवलेली गिटार मेनमध्ये येऊन पुन्हा रेकॉर्डिंगला जाणारच. ज्या मिक्सरमध्ये परतीचा सिग्नल फक्त हेडफोन आणि कंट्रोल रूमकडे वळवण्याचे बटण असते, तिथे स्टिरिओ यूएसबी असूनही थरावर थर चढवता येतो. तिसऱ्या पर्यायातल्या एका मिक्सरला हे बटण होते.

मग चौथ्या पर्यायाची गरज कितपत उरली? सराव वेगवेगळ्या ट्रॅकवर हवा, एवढीच. त्यासाठी ६ माइकवरून ४ वर उतरावे लागत होते, कारण तेवढ्याच पैशांत मल्टिट्रॅक आणि ६ माइक दोन्ही मिळत नव्हते. गटाने स्टेजच्या बाजूने कौल दिला. कार्यक्रम चुकला तर परत घेता येत नाही, सराव परत रेकॉर्ड करता येतो.

फेडर की नॉब, यावरही थोडी घासाघीस झाली. नॉबवाले मिक्सर लहान आणि स्वस्त. पण अंधारात ६० मिलिमीटरचे फेडर एका नजरेत कळतात, आणि मिक्सर चालवणारा कीबोर्डही वाजवत होता. घेतलेल्या मिक्सरचे वर्णन असे: ६ माइक, पहिल्या ऑक्सला प्री-पोस्ट बटण, दुसरा ऑक्स इफेक्टला, मोनो चॅनेलवर ८० हर्ट्झचा हाय-पास, फेडर, परतीच्या यूएसबीला वळणाचे बटण, आणि पॉवर सप्लाय आतच. आतला सप्लाय हा मुद्दा दिसतो तितका क्षुल्लक नाही. अनेक लहान मिक्सरांचे बाहेरचे ॲडॉप्टर डीसी नसून एसी असतात, आणि ते घरी विसरले तर दुसऱ्या कशाचे लावून भागत नाही.

कृती: मांडणी आणि पहिला कार्यक्रम

चॅनेलखाली पांढरी चिकटपट्टी लावून नावे लिहिली आणि क्रम कायम ठेवला: गायिका १, गायक २, बासरी ३, गिटार ४, काहोन ५, कीबोर्ड आणि फोन पुढच्या स्टिरिओ चॅनेलवर. या मिक्सरमध्ये पाचवा आणि सहावा माइक स्टिरिओ चॅनेलवर होते. तिथे काहोन ठेवला, गिटार मोनो चॅनेलवर आणली, कारण तिला हाय-पास हवा होता. कीबोर्डची फक्त ‘एल/मोनो’ केबल जोडली. दोन्ही केबली लावून कीबोर्ड स्टिरिओ ठेवला असता, तर डाव्या कोपऱ्यातल्या श्रोत्याला डावा हात आणि उजव्या कोपऱ्यातल्याला उजवा हात जास्त ऐकू आला असता.

गेन लावण्याची पद्धत ठरलेली: फेडर खाली, पीएफएल (त्या एकाच चॅनेलचा फेडरआधीचा सिग्नल मीटरवर आणणारे बटण) दाबायचे, आणि त्या व्यक्तीला सर्वांत जोरातली ओळ गायला सांगायची. बहुतेक लोक तपासणीला ‘हॅलो, हॅलो’ म्हणतात आणि कार्यक्रमात त्याच्या दुप्पट ताकदीने गातात. मीटर शून्याच्या आसपास, जोरात गेल्यावर +६ पर्यंत, पीकचा दिवा लागता कामा नये. मग फेडर शून्यावर आणि मास्टर हळूहळू वर. पॉवर्ड स्पीकरच्या मागचे बटण ‘लाइन’वर आहे ना, तेही पाहिले. ते ‘माइक’वर राहिले तर आवाज फाटतो आणि दोष मिक्सरला दिला जातो.

एवढे करूनही पहिल्या कार्यक्रमात दोन गोष्टी बिघडल्या.

बासरीला कंडेन्सर माइक होता आणि त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच मिळणारी वीज) लागते. बटण सगळ्या माइकना मिळून एकच. मास्टर वर असताना ते दाबले गेले आणि दोन्ही स्पीकरमधून जोरदार धप्प आवाज आला. बॅलन्स्ड केबलने जोडलेल्या साध्या डायनॅमिक माइकना फँटमने काही होत नाही. धक्का बसतो तो स्पीकरला. तेव्हापासून क्रम असा: मास्टर खाली, फँटम चालू, दहा सेकंद थांबायचे, मग मास्टर वर. चालू करताना मिक्सर आधी आणि स्पीकर शेवटी, बंद करताना स्पीकर आधी.

दुसरा बिघाड म्हणजे पुन्हा शिट्टी. ऑक्स प्री-फेडर होता, गायिकेचा फेडर जागेवर होता, तरी तिसऱ्या गाण्यात मॉनिटर ओरडला. शोधल्यावर कारणे तीन निघाली, आणि तिन्ही एकत्र आली होती. इफेक्ट परत येणाऱ्या चॅनेलवरही ऑक्सचा एक नॉब असतो. गायिकेला स्वतःचा रिव्हर्ब ऐकू यावा म्हणून तो उघडला होता, त्यामुळे रिव्हर्बचे शेपूट मॉनिटरमधून माइकमध्ये आणि माइकमधून पुन्हा रिव्हर्बमध्ये फिरत होते. गायिकेच्या चॅनेलवरचा एक-नॉबी कंप्रेसर बराच पुढे फिरवला होता. असा कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग एकूण पातळी वर उचलतो. गाणे थांबले की माइक नेहमीपेक्षा जास्त ‘उघडा’ राहतो, आणि शिट्टी नेमकी ओळींच्या मधल्या शांततेत सुरू होते. तिसरे कारण माइकची संख्या. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची मोकळीक सुमारे ३ डेसिबलने घटते. जुन्या मिक्सरवर नीट चालणारे माइक दोनच होते, आता चार. नव्या मिक्सरने ही नवी अडचण स्वतःच सोबत आणली होती.

उपाय: मॉनिटरमधला रिव्हर्ब पूर्ण बंद. कंप्रेसर पाव फेऱ्यापर्यंतच. बासरी नसलेल्या गाण्यात तिचा चॅनेल म्यूट, काहोन मॉनिटरमध्ये अजिबात नाही. मॉनिटरची जागाही बदलली. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक अगदी मागच्या बाजूने, १८० अंशांवर, सर्वांत कमी ऐकतो, म्हणून स्पीकर गायिकेसमोर सरळ. गायकाचा माइक सुपरकार्डिऑइड, म्हणजे त्याहून अरुंद कोनात ऐकणारा, होता. त्याचे बहिरे कोन मागे तिरके, १२६ अंशांच्या आसपास असतात. त्याच्यासाठी स्पीकर थोडा बाजूला सरकवला. दोघांना एकच मॉनिटर असल्यामुळे जागा तडजोडीचीच राहिली.

घरचा वापर

परतीच्या सिग्नलचे बटण हेडफोनकडे वळवल्यावर थर चढवण्याची अडचण संपली. आवाज ऐकायचा तो मिक्सरमधूनच. लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमधले मॉनिटरिंग बंद ठेवायचे. ते चालू राहिले तर गायकाला स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येतो, दुसरा उशिरा: ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर (एका वेळी साठवला जाणारा तुकडा) म्हणजे एका वाटेला ५.३ मिलिसेकंद, जाऊन-येऊन साडेदहाच्या पुढे.

मल्टिट्रॅक नसल्याची भरपाई पॅनने केली. सरावात दोन्ही आवाज पूर्ण डावीकडे, वाद्ये पूर्ण उजवीकडे. स्टिरिओ यूएसबीच्या दोन बाजू म्हणजे दोन स्वतंत्र मोनो ट्रॅक झाले. आवाज आणि वाद्यांचे प्रमाण नंतर बदलता येते, रिव्हर्ब सॉफ्टवेअरमध्ये देता येतो. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. इफेक्ट रिटर्न खाली हवा, कारण तो स्टिरिओ असतो आणि आवाजाचा रिव्हर्ब वाद्यांच्या बाजूला सांडतो. आणि बहुतेक मिक्सरमध्ये पॅन मधून टोकाला नेला की त्या बाजूची पातळी सुमारे ३ डेसिबलने वाढते, म्हणून पॅन आधी आणि गेन नंतर. रेकॉर्डिंगची शिखरे −६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाहीत, सरासरी −१८ च्या आसपास पुरते. २४ बिटमध्ये पातळी रेटण्याचे कारण नाही.

काहोन आणि गिटार एकाच ट्रॅकवर राहतात, ते मात्र वेगळे करता येत नाहीत. गटाने हे गृहीत धरले आहे.

निष्पत्ती

चार माइक आणि गिटार एकाच वेळी स्वच्छ चालतात, सहावे इनपुट राखीव आहे. मॉनिटर सभागृहापासून सुटा झाला. थर चढवताना गिटार आवाजात उतरत नाही. रेंगाळलेला एक त्रास गिटारचा: काही खोल्यांत ती २०० हर्ट्झच्या आसपास घुमते. मिक्सरचा मधला बँड २.५ किलोहर्ट्झवर पक्का असल्यामुळे तिथे हात पोचत नाही. खालचा शेल्फ (सगळे खालचे सूर एकत्र हलवणारा बँड) कमी केला तर घुमणे जाते आणि गिटारचे अंगही जाते. सध्या गिटारच्या छिद्रात रबरी झाकण बसवून भागते. मधला बँड सरकवता येणारा मिक्सर घेतला असता तर हे झाकण लागले नसते, आणि ही बाब कॅटलॉगमध्ये लिहिलेली होती. इनपुट आणि ऑक्स मोजण्याच्या भरात इक्वलायझरची ओळ कोणी वाचली नाही.

काय वेगळे करता आले असते

भाड्याने आणलेला मिक्सर सरावाच्या खोलीत वापरला, कार्यक्रमात नाही. उघड्या माइकचा आणि मॉनिटरचा प्रश्न सरावाच्या आवाजाच्या पातळीवर दिसतच नाही. तोच मिक्सर प्रत्यक्ष कार्यक्रमात वापरला असता तर शिट्टीची कारणे खरेदीआधी कळली असती.

त्याच पैशांत वापरलेला, पण इक्वलायझर चांगला असलेला मिक्सर मिळू शकला असता. गटाने जुन्या वस्तूचा विचारच केला नाही. जुना घेताना तपासणी अर्ध्या तासाची असते. हेडफोन लावून प्रत्येक नॉब आणि फेडर एकेक करून पूर्ण फिरवायचा, सिग्नल चालू ठेवून. थोडी खरखर फिरवत राहिल्यावर गेली तर ती धूळ, एका जागी आवाज तुटत असेल तर तो भाग गेलेला. प्रत्येक माइक इनपुटला तोच एक माइक लावून आवाज सारखा आहे का ते ऐकायचे, आणि केबल लावल्यावर प्लग हलके हलवून पाहायचा. फँटम चालू करून मल्टिमीटरने एक्सएलआरच्या पिन १ आणि २, मग १ आणि ३ यांच्यातला दाब मोजायचा: ४४ ते ५२ व्होल्ट योग्य, आणि दोन्ही मापे जवळजवळ सारखी. यूएसबी शेवटी, स्वतःच्याच लॅपटॉपवर.

टॅबलेटवाल्या डिजिटल मिक्सरला नकार देण्याची कारणे आजच्या गटापुरती बरोबर होती. पण ती लिहून ठेवायला हवी होती, कारण गटाची गरज लवकरच बदलण्याची चिन्हे आहेत: काहोनवादकाला आता स्वतःचा मॉनिटर हवा आहे. या मिक्सरवर प्री-फेडर ऑक्स एकच. दुसरा ऑक्स बाहेरच्या जॅकमधून घेऊन दुसरा मॉनिटर लावता येईल, पण तो पोस्ट-फेडर असेल आणि रिव्हर्ब सोडावा लागेल. तूर्त काहोनवादकाचा छोटा स्पीकर पहिल्याच ऑक्सवर साखळीने जोडला आहे आणि त्याची पातळी स्पीकरच्याच नॉबने लावली जाते. त्याला गायिकेचाच मिक्स मिळतो, फक्त हव्या त्या मोठेपणाने.